छडीवर आलेला आळ: पॅरिस, १८९७ (एक प्रकरण अभ्यास)

जून १८९७ मध्ये पॅरिसजवळ दोन कवी तलवारी घेऊन समोरासमोर उभे राहिले. एक काउंट रोबेर द मोंतेस्क्यू, वय ४२, फार जुन्या सरदार घराण्यातला, त्या वेळच्या पॅरिसमधला कपड्यालत्त्याचा सगळ्यात चर्चेतला शौकीन. दुसरा आंरी द रेन्ये, वय ३२, साहित्याच्या वर्तुळात मान असलेला प्रतीकवादी कवी. भांडणाला कारण झाली एक छडी, म्हणजे पुरुषांनी बाहेर पडताना हातात धरायची ती शोभेची काठी, आणि त्या छडीच्या मागे महिनाभरापूर्वी आगीत गेलेले सव्वाशेच्या आसपास जीव होते.

या प्रकरणाबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. त्या काळातल्या पॅरिसच्या उच्चभ्रू सोसायटीने माणूस त्याच्या कपड्यांवरून वाचायची सवय स्वतःला लावून घेतली होती, पेपरांनी ती सवय रोज पोसली, लेखकांनी तिला भाषा दिली, आणि जेव्हा खरंच भयंकर काही घडलं तेव्हा दोषी कोण हेसुद्धा त्याच सवयीने ठरवलं गेलं. पुरावा बघायची कुणाला गरजच वाटली नाही, कारण छडी सगळ्यांनी आधीच बघितलेली होती.

आधी ही सवय कशी होती ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळत नाही. ३० मे १८९४ ला मोंतेस्क्यूने व्हर्सायमधल्या आपल्या घरी एक साहित्यिक पार्टी दिली होती, बागेत तात्पुरतं स्टेज उभारलं होतं, सारा बर्नहार्टसारखी नटी कविता म्हणायला आली होती, लेओं देलाफोस नावाचा तरुण पियानोवादक होता, आणि पॅरिसमधले मोठमोठे किताबवाले लोक गाड्या जोडून तिथवर आले होते. दुसऱ्या दिवशी ‘ल गोल्वा’ या पेपरात रिपोर्ट आला. खाली सही ‘तूत-पारी’, म्हणजे सगळं पॅरिस, पण लिहिणारा होता बावीस वर्षांचा मार्सेल प्रूस्त, पुढे मोठा कादंबरीकार झालेला. रिपोर्टात कविता आहेत, वाचणाऱ्यांची नावं आहेत, पण जीव ओतलाय तो कपड्यांवर. काउंटेस ग्रेफ्यूलचा ड्रेस गुलाबीकडे झुकणाऱ्या लायलॅक रंगाच्या रेशमाचा, त्यावर ऑर्किडची फुलं विखुरलेली, वरून त्याच छटेच्या तलम सिल्क मलमलीचा थर, टोपीवर पुन्हा ऑर्किड आणि टोपीभोवती लायलॅक रंगाची जाळी. मग पुढची बाई, तिचा रंग, तिचं कापड, तिची छत्री. असं एकेक करत यादी जाते.

आज वाचताना हे वरवरचं वाटू शकतं पण तसं ते अजिबात नव्हतं. राजा गेला होता, दरबार गेला होता, १८७० पासून फ्रान्समध्ये प्रजासत्ताक होतं, सरदार लोकांकडे किताब होते, जमिनी होत्या, पण राज्य त्यांच्या हातात नव्हतं. मग मोठेपण दिसणार कुठे, तर घरात, घोड्यांत, ऑपेराच्या बॉक्समध्ये आणि अंगावर. पेपरातला सोसायटी कॉलम हाच त्यांचा नवा दरबार झाला होता, आणि त्या दरबारात तुम्ही काय घालून आलात हे छापून यायचं. शिवणारे पण तसेच तोलामोलाचे. रू द ला पे वर सात नंबरला चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज माणसाने १८५८ मध्ये दुकान थाटलं होतं, आणि शिंपी म्हणजे बाई सांगेल तसं शिवून देणारा हा समज त्याने मोडून टाकला, ड्रेस तो ठरवायचा, ड्रेसच्या आत त्याच्या नावाचं लेबल असायचं. काउंटेस ग्रेफ्यूल त्याच घराची गिऱ्हाईक. पण तीही नुसतं घेऊन घालणारी नव्हती. १८९६ मध्ये रशियाचा झार पॅरिसला आला, त्याच्याकडून तिला बुखाराचा एक भरजरी झगा भेट मिळाला, तर तिने तो वर्थच्याच दुकानातून पार्टीत घालायच्या केपमध्ये बदलून घेतला. ही केप आजही पॅरिसच्या गालिएरा म्युझियममध्ये आहे.

मोंतेस्क्यू या ग्रेफ्यूल काउंटेसचा आईकडून नातलग आणि सगळ्यात मोठा प्रशंसक. बायकांच्या बाबतीत जे वर्थ करत होता ते पुरुषांच्या बाबतीत मोंतेस्क्यू स्वतःच स्वतःवर करत होता असं म्हटलं तरी चालेल. घराणं असं की मस्केटियरांच्या गोष्टीतल्या खऱ्या द'आर्तान्यांची आई याच मोंतेस्क्यू घराण्यातली. पैसा होता, लग्न केलं नव्हतं, गाब्रिएल इतुर्री नावाचा दक्षिण अमेरिकेतून आलेला सेक्रेटरी कायम बरोबर. राखाडी रंगाच्या इतक्या छटा एका माणसाने आधी कधी घातल्या नसतील. कविता लिहायचा, १८९२ मध्ये ‘वटवाघळं’ नावाचा संग्रह काढला, १८९६ मध्ये ‘निळे हायड्रेंजिया’, आणि पुस्तक म्हणजे कागद, छपाई, बांधणी सगळं त्याच्या मनासारखं, कपड्यांइतकंच बारकाईने केलेलं.

चित्रकारांना तर तो हवाच असायचा. व्हिसलरने त्याला काळ्यात रंगवलं, हातावर चिंचिला फरचा केप टाकलेला, आणि तो केप काउंटेस ग्रेफ्यूलचा. आणि मग १८९७ चं ते बोल्दिनीचं पोर्ट्रेट, जे आज ओर्से म्युझियममध्ये आहे. हे चित्र नीट बघण्यासारखं आहे, कारण आपल्या प्रकरणाचा निम्मा भाग त्यातच आहे. मोंतेस्क्यू खुर्चीत तिरका बसलाय, राखाडी सूट, मिशा वर वळवलेल्या, हातात फिकट हातमोजे, आणि त्याने छडी उचलून चेहऱ्याजवळ धरली आहे, मूठ निळी, आणि तो आपल्याकडे बघतच नाही, त्याची नजर त्या निळ्या मुठीच्या बाजूला लागलेली आहे. एवढ्या मोठ्या घराण्यातला माणूस आणि चित्राचा खरा हिरो छडी. तेव्हा पुरुषाच्या हातात छडी असणं यात विशेष काही नव्हतं, कुणाच्या घरी भेटायला गेलं तरी टोपी, हातमोजे आणि छडी घेऊनच दिवाणखान्यात जायची रीत होती. पण मोंतेस्क्यूची छडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर नेमकी एक वस्तू यायची. हे लक्षात ठेवा.

आता ४ मे १८९७.

बाझार द ला शारिते म्हणजे कॅथलिक धर्मादाय संस्थांनी मिळून भरवायचा वार्षिक बाजार, १८८५ पासून चालू. प्रत्येक संस्थेचा एक स्टॉल, आणि स्टॉलवर विकायला उभ्या राहणार त्या सरदार घराण्यातल्या बायका. गोरगरिबांसाठी पैसे जमायचे हे खरं आणि त्या बायका मनापासून करायच्या हेही खरं, पण बघायला आणि दिसायला लोक यायचे हेही तितकंच खरं, कुठल्या स्टॉलवर कोण उभी राहणार ते पेपरात यायचं. त्या वर्षी जागा होती रू जाँ-गूजों वरचा रिकामा प्लॉट. तिथे साधारण ८० मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशी लाकडी शेड बांधली, आत मध्ययुगातल्या पॅरिसच्या गल्लीचा देखावा उभा केला, रंगवलेला पुठ्ठा, कापड, लाकूड, दुकानांच्या पाट्या, आणि वर छताखाली कापडाचं छत ताणून लावलेलं. सजावट सुंदर होती असं सगळे सांगतात. जळायला याहून योग्य वस्तू तयार करणं अवघड होतं.

गर्दी खेचायला त्या वर्षीचं नवीन आकर्षण म्हणजे सिनेमॅटोग्राफ. (आपल्याकडे मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ ला झाला होता, म्हणजे जेमतेम दहा महिने आधी, तेव्हा पॅरिसच्या लोकांनाही हे यंत्र किती नवं होतं याचा अंदाज येईल.) प्रोजेक्टरला विजेचा दिवा नव्हता, ईथर आणि ऑक्सिजनवर चालणारा दिवा होता. दुपारी साडेचारच्या आधी दिव्यातलं ईथर संपलं, ते अंधारातच पुन्हा भरायला घेतलं, ईथरची वाफ त्या छोट्याशा बंदिस्त जागेत साचलेली, आणि उजेडासाठी काडी ओढली गेली. तिथून सगळं सुरू झालं. पडद्याला आग, मग भिंतीच्या पुठ्ठ्याला, मग वरच्या ताणलेल्या कापडाला, आणि मग वरून पेटलेले तुकडे लोकांच्या अंगावर पडायला लागले. आत हजार-बाराशे माणसं होती, बाहेर पडायचे दरवाजे कमी, आणि पाव तासाच्या आसपास सगळा खेळ संपला होता.

आणि इथे कपडे येतात. मे महिना, म्हणून मलमल, ट्यूल, गॉझ, सगळं हलकं. टोप्या मोठ्या, त्यावर कापडी फुलं, पिसं, खाली चेहऱ्यावर जाळी. कमरेला आवळलेला कॉर्सेट ज्यात धावताना श्वास पुरत नाही, जमिनीपर्यंत घोळदार स्कर्ट ज्यावर मागचा माणूस पाय देतो आणि पुढची बाई पडते. जे कपडे उद्याच्या पेपरात छापून यायचे होते तेच पेट घेत गेले. मृतांचा आकडा साधारण १२६ धरला जातो आणि त्यात बायका आणि मुली इतक्या जास्त की पुरुष बोटांवर मोजावेत. एवढा फरक का, याचं उत्तर अर्धं कपड्यांत आहे आणि अर्धं कशात आहे त्यावरूनच तर पुढचं सगळं रामायण घडलं.

मृतांमध्ये सगळ्यात मोठं नाव डचेस द'आलाँसों, म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिची सख्खी धाकटी बहीण, एके काळी बव्हेरियाच्या लुडविग राजाशी जिचं लग्न ठरून मोडलं होतं ती. वय ५०. आधी पाहुण्यांना बाहेर काढा, असं म्हणत ती आपल्या स्टॉलपाशीच थांबली असं वाचलेल्यांनी सांगितलं. प्रेतं पालै द लॅन्द्युस्त्री या मोठ्या हॉलमध्ये ओळीने ठेवली, आणि घरचे लोक कंदील घेऊन शोधत फिरत होते, अंगठी, कॉर्सेटची पट्टी, कापडाचा न जळलेला तुकडा, बुटाची टाच असं काही बघून ओळख पटवत होते. डचेसची ओळख शेवटी दातांवरून, तिच्या डेंटिस्टने पटवली, आणि दातांवरून ओळख पटवण्याच्या शास्त्राच्या इतिहासात हे उदाहरण आजही घेतात. ज्या समाजात बाईची ओळख तिच्या ड्रेसवरून व्हायची तिथे बापाने मुलीला, नवऱ्याने बायकोला असं शोधावं लागलं. याच्यावर मला जास्त लिहवत नाही.

वाचवलं कोणी हेही सांगायला हवं. मागच्या अंगणात अडकलेल्या लोकांसमोर शेजारच्या हॉटेलची भिंत होती, तिला स्वयंपाकघराची गजवाली खिडकी होती. त्या हॉटेलातला कुक गोमेरी आणि बाकीच्या नोकरांनी गज मोडून काढले आणि त्या खिडकीतून शंभराहून जास्त माणसं आत ओढून घेतली. पिके नावाचा एक प्लंबर होता, गाडीवाले होते, घोड्यांचे मोतद्दार होते. ही नावं तेव्हा पेपरात आली, लोकांनी डोक्यावर घेतली, आणि त्यांच्या शेजारी लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला की मग साहेब लोक कुठे होते?

हा प्रश्न छापून विचारला सेवरीन या बाई पत्रकाराने, १४ मे ला ‘लेको द पारी’ मध्ये, मथळाच असा की पुरुषांनी काय केलं. आत किताबवाले तरुण होते, क्लबात जाणारे होते, आणि ते बायकांना ढकलून, काठ्या चालवून, तुडवून बाहेर पळाले असं लोक बोलत होते. किती खरं किती वाढवलेलं हा वेगळा मुद्दा, पण आकडे सगळ्यांसमोर होते, बायका मेल्या होत्या आणि पुरुष जवळजवळ नव्हते, आणि शूरपणा हाच ज्या वर्गाचा जन्मापासूनचा दावा होता त्याच्यावर हा डाग होता. त्यांना पळपुटे सरदार अशा अर्थाची टोपणनावं पडली. त्यातच नोत्र-दाम मधल्या शोकसभेत ओलिव्हिए नावाच्या धर्मगुरूने ही आग म्हणजे वाट चुकलेल्या फ्रान्सला देवाने दिलेली शिक्षा असा सूर लावला, प्रजासत्ताकवाले भडकले, आणि आग राजकारणाचा विषय पण झाली.

आता बघा की आरोप एका अख्ख्या वर्गावर होता पण कुणा एकावर नव्हता. ज्याने खरंच काठी चालवली असेल तो काही पुढे येऊन सांगणार नव्हता. आणि अशा वेळी लोकांना एक चेहरा लागतो. काठ्या चालवल्या, असं म्हटल्यावर पॅरिसमधली सगळ्यात प्रसिद्ध काठी कुणाची, तर मोंतेस्क्यूची, बोल्दिनीने ती नुकतीच रंगवली होती. झालं. मोंतेस्क्यूने छडीने बायकांना मारत वाट काढली ही अफवा तयार झाली. आणखी एक अफवा अशी की दुसऱ्या दिवशी तो प्रेतं बघायला गेला आणि छडीच्या टोकाने वरची कापडं उचलून बघत होता. म्हणजे अफवा कुठलीही असो, छडी कायम.

मोंतेस्क्यू त्या दिवशी बाजारात नव्हताच. त्याचं चरित्र लिहिणारे हेच सांगतात, तो स्वतः पण हेच सांगत राहिला. पण मी नव्हतो हे सिद्ध करणं किती अवघड असतं हे ज्याच्यावर कधी आळ आलाय त्यालाच कळेल. मी छडी चालवली नाही याचा साक्षीदार आणणार कुठून.

पण अफवा त्यालाच का चिकटली याची कारणं फक्त छडीत नव्हती. एक तर त्याची जीभ. त्याने वर्षानुवर्षं लोकांना टोचून बोलून दुखावलं होतं, आमंत्रणांच्या याद्यांतून गाळलं होतं, अशा माणसाबद्दल वाईट ऐकायला शंभर कान तयार असतात. दुसरं, त्याचं लग्न न करणं आणि इतुर्रीबरोबरचं राहणं. उघड कुणी म्हणत नव्हतं पण तो ‘पुरा पुरुष’ नाही अशी कुजबुज कायम होती, आणि भित्रेपणाचा आरोप त्या कुजबुजीवर अलगद जाऊन बसला. मला ह्या प्रकरणातली सगळ्यात संतापजनक गोष्ट हीच वाटते, की शौर्य या शब्दाआडून लोक दुसरंच काहीतरी बोलत होते. तिसरं कारण साहित्यातलं आहे आणि त्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. मोंतेस्क्यूला लेखकांनी आधीच एकदा वापरलेलं होतं. त्याचं सजवलेलं घर मालार्मे कवीने बघितलं, त्याने ते हुइस्मान्स या कादंबरीकाराला सांगितलं, आणि १८८४ च्या त्याच्या गाजलेल्या कादंबरीतला दे-एस्सँत नावाचा विचित्र शौकीन उमराव त्यातून उभा राहिला, तोच तो कासवाच्या पाठीवर रत्नं जडवून घेणारा. तेव्हापासून मोंतेस्क्यूबद्दल काहीही सांगा, लोकांना ते खरं वाटायचं, कारण लोकांनी ते आधी वाचलेलं असायचं. कवी मंडळींत आणखी एक अढी होती, हा श्रीमंत माणूस, महागड्या कागदावर कविता छापतो, मग हा खरा कवी की हौशी. प्रूस्तलाही हेच भोगावं लागलं, त्याचं १८९६ चं पहिलं पुस्तक मादलेन लमेरच्या चित्रांसकट साडेतेरा फ्रँकला निघालं, नेहमीच्या पुस्तकाच्या तिप्पट-चौपट भाव, आणि जाँ लोराँ या लेखकाने पेपरातून त्याची आणि त्याच्या एका मित्राची अशी काही कुचेष्टा केली की ६ फेब्रुवारी १८९७ ला प्रूस्त पिस्तूल घेऊन म्यूदोंच्या जंगलात त्याच्यासमोर उभा राहिला. कुणाला लागलं नाही. पण तारीख बघा, आगीच्या आधी फक्त तीन महिने. आणि हाच लोराँ मोंतेस्क्यूच्या मागे पण हात धुवून लागलेला होता.

मग जूनची सुरुवात. रॉथशिल्ड घराण्यातल्या एका बॅरोनेसच्या घरी मंडळी जमली होती. तिथे रेन्ये होता, त्याची बायको मारी होती, तिच्या बहिणी होत्या. मारी म्हणजे एरेदिया या नामांकित कवीची मुलगी, ज्याच्या घरी शनिवारी अख्खं साहित्यविश्व जमायचं, आणि स्वतः पुढे जेरार द'उव्हील या नावाने लिहिणारी लेखिका. मोंतेस्क्यू आला, हातात अर्थातच छडी. बहिणींमधून कुणीतरी त्या छडीवरून आगीचा उल्लेख असलेला टोमणा मारला, आणि रेन्येने वर जोडलं की याच्या हाताला छडीपेक्षा बायकांचा मफ (थंडीत दोन्ही हात आत घालायची फरची नळी) किंवा पंखा जास्त शोभेल, अशा अर्थाचं. नेमके शब्द वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे सांगितलेत म्हणून मी ते अवतरणात टाकत नाही, पण गाभा तोच.

या एका वाक्यात दोन आरोप आहेत हे बघा, तू बायकांना मारून पळालास हा एक आणि तूच बाई आहेस हा दुसरा, आणि दोन्ही आरोप हातात काय धरावं यावरून केलेले. फॅशनच्याच भाषेत. कपड्यांवर लिहायला ज्या समाजाने आपल्या लेखकांना शिकवलं होतं, त्यातल्याच एका चांगल्या कवीने ती भाषा दुसऱ्या कवीवर चालवली.

द्वंद्वाचं आव्हान गेलं. त्या वेळी फ्रान्समध्ये द्वंद्व कायद्याने नीट हाताळलेलं नव्हतं, कुणी मेलं तर खटला व्हायचा आणि ज्युरी बहुतेक वेळा सोडून द्यायची. राजकारणी, पत्रकार, लेखक सगळे लढायचे. ज्या ‘ल गोल्वा’ चं नाव वर आलं त्याचा मालक आर्थर मेयर १८८६ मध्ये एका द्वंद्वात समोरच्याची तलवार डाव्या हाताने पकडून बदनाम झाला होता, तरी पेपर चालू राहिला. रीत अशी की दोन्हीकडचे साक्षीदार भेटून अटी ठरवतात, हत्यार ठरवतात, डॉक्टर हजर असतो, आणि नंतर झालेल्या गोष्टीचं टाचण पेपरात छापून येतं. म्हणजे बदनामी जशी पेपरातून आणि दिवाणखान्यातून होते तशीच अब्रूची भरपाईही पेपरातूनच. छापून आलं की प्रकरण अधिकृतपणे मिटलं.

९ जूनला तलवारी चालल्या आणि मोंतेस्क्यूच्या हाताला जखम झाली. रक्त आलं, थांबवलं, डॉक्टरांनी पट्टी बांधली. नियमाप्रमाणे त्याची अब्रू राखली गेली, कारण तो समोर उभा राहिला होता, पळाला नव्हता, आणि आरोप तर पळाल्याचाच होता. काही जणांचं मत त्याच्या बाजूने वळलंही, त्याला भेटायला लोकांची रीघ लागली. पण अफवा काही गेली नाही. ती त्याच्या मरेपर्यंत, आणि खरं तर त्याच्या मरणानंतरही, त्याच्या नावापुढे लिहिली जाते. आज कुठलंही हलकंफुलकं पुस्तक उघडा, मोंतेस्क्यू आणि आग यांचा संबंध जोडलेला दिसेल, आणि तो तिथे नव्हता हे वाक्य असलंच तर नंतर कधीतरी येतं.

दोष कुणाचा यावर माझं मत. लोराँसारख्या माणसाकडून मला वेगळी अपेक्षाच नाही, त्याचं पोट कुचाळक्यांवर होतं. सोसायटीतल्या लोकांना आपल्यातला एक बळी देऊन बाकीच्यांना वाचवायचं होतं, ते वाईट आहे पण समजतं तरी. रेन्येचं मला जास्त लागतं. हा माणूस मंगळवारी मालार्मेच्या घरी बसणारा, एकेक शब्द तोलून लिहिणारा, त्याला माहीत होतं शब्द काय करतो. सव्वाशे घरांत सुतक होतं, प्रेतांची ओळख पटून महिना झाला होता, आणि त्याने ती आग एका टोमण्यासाठी वापरली. मोंतेस्क्यू साधुपुरुष नव्हता, उद्धट होता, लोकांना तुच्छ लेखायचा, त्याच्या कविता पण आज फार थोड्या टिकतात. पण उद्धट असणं हा एक भाग आणि जळत्या बायकांना मारणं हा पूर्ण वेगळा, आणि पहिल्याबद्दल दुसऱ्याची शिक्षा कुणाला देता येत नाही.

खऱ्या चौकशीचं काय झालं तेही सांगते, कारण छडीच्या गडबडीत ते मागे पडलं. ऑगस्टमध्ये कोर्टात केस चालली. बाजाराचे अध्यक्ष बॅरन द माको यांना ५०० फ्रँक दंड झाला. प्रोजेक्टर चालवणारे बेलाक आणि बाग्राशोव्ह यांना कैद सुनावली, पण ती स्थगित ठेवली, म्हणजे प्रत्यक्ष तुरुंगात जावं लागलं नाही. शेड तशी का बांधली, दरवाजे इतके कमी का, ज्वलनशील छत कुणी मंजूर केलं, हे प्रश्न दिवाणखान्यात फार कमी विचारले गेले. त्यात कुणाचं पोर्ट्रेट नव्हतं. जागेवर नोत्र-दाम द कॉन्सोलास्यों हे प्रार्थनामंदिर बांधलं, १९०० मध्ये खुलं झालं, आजही रू जाँ-गूजों वर आहे आणि आत मृतांची नावं आहेत.

पुढे प्रूस्तने आपल्या कादंबरीत बॅरन द शार्लूस हे पात्र उभं केलं तेव्हा त्यात मोंतेस्क्यूचा बराच अंश होता आणि हे मोंतेस्क्यूलाही कळलं, त्याला ते फार लागलं. दुसऱ्यांदा लेखकाने वापरून घेतलं होतं. तो ११ डिसेंबर १९२१ ला माँताँ इथे वारला आणि व्हर्सायमध्ये गोनार्च्या कबरस्तानात इतुर्रीशेजारी पुरला गेला. त्याच्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर १९२३ मध्ये छापून आल्या. फ्रेंच अकादमीत, म्हणजे तिथल्या लेखकांच्या सगळ्यात मानाच्या संस्थेत, त्याला कधी जागा मिळाली नाही. रेन्येला १९११ मध्ये मिळाली.